चौथ्या वर्षाची तयारी दुसऱ्या वर्षात

बीए, बीएस्सी किंवा बीकॉमला असलेल्या मुलामुलींच्या घरांत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडायचं, की चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. त्यानुसार नव्या रचनेची पदवी महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत आणि विद्यापीठांच्या विभागांत २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. म्हणजे स्वायत्त महाविद्यालयांतली पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये चौथ्या वर्षात जाते आणि संलग्न महाविद्यालयांतली त्याच्या पुढच्या वर्षी. या तुकड्यांची खरी अडचण ही की विचारायला त्यांना सीनियर नाहीत. कुठला पेपर जड जातो, कोणत्या मॅडम प्रोजेक्टला वेळ देतात, व्हायवाला काय विचारतात, हे सांगणारं पुढच्या वर्गातलं कोणी नाही. दिल्ली विद्यापीठात चार वर्षांची पदवी २०२२-२३ मध्येच आली, पण तिथलं वेळापत्रक आणि तिथली महाविद्यालयं वेगळी, त्यामुळे तिथला अनुभव इथे जसाच्या तसा कामाला येत नाही.

चौथ्या वर्षाचा विचार तिसऱ्या वर्षाचा निकाल लागल्यावर करायचा असं बहुतेक जण धरून चालतात. तोवर उशीर झालेला असतो. हा विचार दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला व्हायला हवा. तसं का, हे आकड्यांतूनच दिसतं.

ऑनर्स दोन प्रकारचं

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा जो आराखडा जाहीर केला, त्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० क्रेडिट आहेत. महाराष्ट्राच्या रचनेत एका सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट धरतात, म्हणून आपल्याकडे चार वर्षांची बेरीज १७६ पर्यंत जाते. एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास वर्गातली शिकवणी, किंवा प्रात्यक्षिक असेल तर ३० तास.

चौथ्या वर्षात दोन वाटा फुटतात. एक साध्या ऑनर्सची आणि दुसरी संशोधनासह ऑनर्सची. संशोधनाच्या वाटेवर १२ क्रेडिटचा प्रकल्प गाइडच्या हाताखाली पूर्ण करून त्याचा प्रबंध द्यावा लागतो. साध्या ऑनर्सला त्याऐवजी तेवढ्याच क्रेडिटचे वरच्या पातळीचे विषय असतात. आपल्या राज्याच्या रचनेत संशोधनपद्धतीचा पेपर आणि ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण, हे साध्या ऑनर्सच्या विद्यार्थ्यालाही करावं लागतं. त्यामुळे साधं ऑनर्स सोपं असेल या समजुतीने कोणी त्यात शिरू नये. (इंजिनिअरिंगमधलं ऑनर्स निराळं. तिथे बी.टेक.च्या ठरलेल्या क्रेडिटवर साधारण १८ ते २० जादा क्रेडिट त्याच चार वर्षांत मिळवायचे असतात. हा लेख त्याबद्दल नाही.)

संशोधनासह ऑनर्ससाठी आयोगाची अट आहे पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये मिळून ७५ टक्के गुणांची. आता हिशेब पाहा. सगळ्या सेमिस्टरचं वजन सारखं धरलं आणि चौथ्या सेमिस्टरअखेर तुमची सरासरी ६८ असली, तर ७५ गाठायला पाचव्या आणि सहाव्या सेमिस्टरमध्ये सरासरी ८९ लागतात. सरासरी ७२ असेल तर ८१ लागतात. पहिल्या वर्षी कॉलेज नवं, हॉस्टेल नवं, इंग्रजीतून शिकवलेलं नीट समजत नाही, म्हणून गुण कमी पडतात. ते स्वाभाविकच आहे. पण दुसरं वर्षही तसंच गेलं, तर पुढे कितीही जोर लावला तरी आकडा हाती लागत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात आपली आजवरची सरासरी काढून हे गणित स्वतः मांडावं. इंटर्नलचे गुण सोडू नयेत. प्रत्येक विषयाला त्यांचा वाटा मोठा असतो, आणि ते एका दिवसाच्या परीक्षेवर अवलंबून नसल्याने नेमाने काम करणाऱ्याला हमखास मिळतात. ग्रेड आणि टक्के यांचं रूपांतर कसं होतं, राखीव प्रवर्गांना प्रवेशात काही सवलत आहे का, हे आपल्या विद्यापीठाच्या परिपत्रकात पाहावं. वर्गातल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये.

आणखी एक गोष्ट गुणांइतकीच महत्त्वाची आहे, आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. संशोधनासह ऑनर्स चालवणाऱ्या विभागात ग्रंथालय, प्रयोगशाळा अशा सोयींबरोबर पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायमस्वरूपी प्राध्यापक असावेत अशी आयोगाची अपेक्षा आहे. तालुक्याच्या अनेक महाविद्यालयांत एका विषयाला एकच कायम शिक्षक आणि बाकी तासिका तत्त्वावरचे, ही परिस्थिती आपल्याला ठाऊक आहे. तुमच्या महाविद्यालयात तुमच्या विषयाचं चौथं वर्ष निघणार की नाही, निघालं तर कोणत्या प्रकारचं आणि किती जागांचं, हे विभागप्रमुखांना आताच विचारा. निघणार नसेल तर तीन वर्षांनंतर दुसऱ्या महाविद्यालयात किंवा विद्यापीठाच्या विभागात जाण्याची तयारी लागेल. त्यासाठी घर बदलणं, हॉस्टेल, खर्च हे सगळं आधी घरच्यांशी बोलावं लागतं.

अभ्यासाची अपेक्षा कुठे बदलते

तीन वर्षं अपेक्षित प्रश्नसंच, झेरॉक्सच्या नोट्स आणि परीक्षेआधीचे पंधरा दिवस यांवर निभावता येतं, हे सगळ्यांना माहीत आहे. चौथ्या वर्षी ते निभत नाही. मुलं हुशार असतात, कष्टाळूही असतात, पण या वर्षात जे मागितलं जातं त्याची सवय त्यांना कोणी लावलेली नसते. उत्तर आधीच कुठेतरी छापलेलं आहे आणि आपण ते शोधून लिहायचं, ही बारा-पंधरा वर्षांची सवय. इथे प्रश्न स्वतः तयार करावा लागतो.

वाचनापासून सुरुवात करावी. पाठ्यपुस्तकाऐवजी मूळ शोधनिबंध वाचायचे, आणि ते बहुतेक इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिला निबंध वाचताना छातीत धडकी भरते. अशा वेळी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सरळ वाचत जाऊ नये. आधी गोषवारा वाचावा, मग तक्ते आणि आकृत्या पाहाव्यात, त्यानंतर निष्कर्ष, आणि मगच मधली पद्धत. वहीच्या एका पानावर चार गोष्टी मराठीत लिहाव्यात: लेखकाने कोणता प्रश्न घेतला, माहिती कुठून आणली, हाती काय लागलं, आणि मला कुठे शंका आहे. चौथी गोष्ट सगळ्यात मोलाची. पुढे तुमचा विषय बहुधा तिथूनच निघतो. पारिभाषिक शब्द अडले तर महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन पाहता येतात आणि संकल्पना अडली तर मराठी विश्वकोशाची नोंद चांगला आधार देते. दुसऱ्या वर्षापासून महिन्याला दोन निबंध असे वाचले, तर चौथ्या वर्षाला लागेपर्यंत चाळीसच्या वर पानं वहीत जमतात. प्रबंधातल्या पूर्वसाहित्याच्या प्रकरणाचा कच्चा माल त्यातच असतो.

निबंध मिळवायचे कुठून, हाही प्रश्न येतो. इन्फ्लिबनेट या संस्थेची एन-लिस्ट सेवा अनेक महाविद्यालयांनी घेतलेली असते. तिचा युजरनेम-पासवर्ड ग्रंथपालांकडे मागावा. कित्येक ठिकाणी ही सेवा वर्षानुवर्षं पडून असते, कारण मागायला कोणी जात नाही. याच संस्थेच्या शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध विनामूल्य वाचता येतात. आपल्या विषयावर आपल्याच विद्यापीठात आधी काय काम झालं, हे तिथे सहज सापडतं.

आता विषयाबद्दल. बहुतेक प्रकल्प इथेच फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. "महाराष्ट्रातील महिला बचत गट : एक अभ्यास" हा विषय एका विद्यार्थ्याला एका वर्षात झेपणारा नाही. "आमच्या गावातल्या तीन बचत गटांनी गेल्या पाच वर्षांत कर्ज कशासाठी उचललं आणि ते कसं फेडलं" हा झेपतो. त्यासाठी गटांची इतिवृत्तं आणि हिशेबाच्या वह्या पाहता येतात, बायकांशी बोलता येतं, आणि शेवटी दुसऱ्या कोणाला माहीत नसलेलं काहीतरी खरोखर सांगता येतं. विषय लहान झाला म्हणून कमीपणा वाटून घेऊ नये. परीक्षक विषयाच्या नावापेक्षा तुम्ही स्वतः काय पाहिलं, मोजलं, तपासलं ते बघतात.

विज्ञान शाखेत विषयाबरोबर ऋतूही पाहावा लागतो. समजा, कोल्हापूरच्या विद्यार्थिनीने पंचगंगेच्या दोन ठिकाणच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मोजायचं ठरवलं. सातवं सेमिस्टर सुरू होतं जून-जुलैमध्ये. तोवर नदीला पाणी आलेलं असतं आणि पावसाळ्याआधीचे नमुने हातचे गेलेले असतात. पुढचा उन्हाळा येईपर्यंत सबमिशनची तारीख उलटून जाते. म्हणजे ते नमुने तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपताच, मे महिन्यात घ्यायला हवेत, आणि त्यासाठी गाइड, प्रयोगशाळेची परवानगी, बाटल्या, रसायनं हे सगळं मार्च-एप्रिलमध्ये ठरलेलं हवं. शेती, पक्षी, फुलपाखरं, कीटक, वनस्पती या सगळ्या विषयांना हेच लागू आहे. सह्याद्रीतली पठारं फुलतात तेव्हा कॉलेजात प्रवेशाची नाहीतर परीक्षेची धावपळ असते.

इतिहास, मराठी, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आपल्याकडे जे भांडार उपलब्ध आहे, त्याचा हेवा वाटावा असं ते आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर, वि. का. राजवाड्यांनी १९१० मध्ये स्थापलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१७ पासूनचं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, मुंबईत एशियाटिक सोसायटी आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. गोव्यात पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि पुराभिलेख विभाग. पदवीचा विद्यार्थी तिथे जाऊ शकतो. सोबत महाविद्यालयाचं पत्र आणि ओळखपत्र ठेवावं, आणि आपल्याला नेमकं काय पाहायचं ते लिहून न्यावं. पण जुन्या कागदांना मोडी लागते. चौथ्या वर्षात मोडी शिकून त्याच वर्षी दफ्तर वाचणं शक्य नसतं. भारत इतिहास संशोधक मंडळ, पुराभिलेख संचालनालय यांसारख्या संस्था मोडीचे वर्ग घेतात. दुसऱ्या वर्षाच्या सुटीत एखादा वर्ग करावा आणि मग रोज एक पान वाचण्याची सवय ठेवावी. गोव्यातल्या जुन्या दस्तऐवजांसाठी पोर्तुगीज लागतं, त्याचंही गणित असंच. मोडी वाचनावर हुकमत असलेले विद्यार्थी आज फार थोडे आहेत. विशीत मोडी सफाईने वाचणाऱ्या मुलामुलीला पुढे काम कमी पडणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

गाइडकडे कसं जावं, हेही कोणी शिकवत नाही. "सर, मला एखादा विषय द्या" म्हणत जाणारा विद्यार्थी सरांच्या स्वतःच्या कामाचा एखादा तुकडा घेऊन परत येतो आणि वर्षभर दुसऱ्याच्या प्रश्नाचं ओझं वाहतो. त्याऐवजी एका पानावर तीन शक्यता लिहून न्याव्यात. प्रत्येकीखाली दोन ओळींत प्रश्न आणि माहिती कुठून मिळेल ते लिहावं. सर-मॅडम त्यातल्या दोन खोडतील, तिसरीला वळण देतील. मग दर पंधरवड्याला भेट ठरवून घ्यावी, आणि प्रत्येक भेटीआधी केलेलं काम लिहून द्यावं, मग ते दोन पानं का असेना. तोंडी सांगितलेल्या कामावर कोणीही नेमका अभिप्राय देऊ शकत नाही. प्राध्यापकांवर परीक्षा, नॅक, प्रवेश यांचा भार असतो, ते कधी भेट विसरतील. आदर राखून पुन्हा आठवण करावी. त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

नक्कल हा गंभीर विषय आहे. आयोगाच्या २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं आहे, त्यापुढे कारवाईच्या पायऱ्या आहेत. पण टक्केवारी हा काही खरा धडा नव्हे. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर त्याचं नाव द्यायचं, एवढी सवय पहिल्या ट्युटोरियलपासून लागली, तर सॉफ्टवेअरची भीती उरत नाही. चॅटजीपीटीसारख्या साधनांचं तसंच. इंग्रजी वाक्य दुरुस्त करून घ्यायला, अवघड परिच्छेद समजून घ्यायला त्यांची मदत घ्यावी, आपल्या विभागाचे नियम पाहून. संदर्भांची यादी मात्र त्यांच्याकडून घेऊ नये. ती साधनं अस्तित्वात नसलेली पुस्तकं आणि निबंध बिनदिक्कत तयार करून देतात, आणि व्हायवाला परीक्षकाने "हा निबंध तुम्ही कुठे वाचलात?" एवढं विचारलं की सगळं उघडं पडतं. प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहिलेला असावा.

चौथ्या वर्षामुळे उघडणाऱ्या वाटा

पहिली वाट पीएच.डी.ची. आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असलेला विद्यार्थी पदव्युत्तर पदवीशिवाय पीएच.डी.च्या प्रवेशाला पात्र ठरतो. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअरमधले इतर मागासवर्गीय, आर्थिक दुर्बल घटक आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना पाच टक्क्यांची सवलत आहे. जून २०२४ पासून असे विद्यार्थी नेटलाही बसू शकतात, पण फक्त कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती आणि पीएच.डी. प्रवेश यांसाठी, सहायक प्राध्यापकपदासाठी नाही. या पाठ्यवृत्तीची, म्हणजे जेआरएफची, रक्कम २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आहे. घरची ओढाताण असलेल्या मुलाला हा आकडा मोठा आधार वाटतो, आणि वाटावाच.

तरीही माझं मत सांगतो. ज्याला पुढे महाविद्यालयात शिकवायचं आहे, त्याने थेट पीएच.डी.ची घाई करू नये. त्या नोकरीच्या नेहमीच्या वाटेत पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट हे आजही लागतं. शिवाय बाविसाव्या वर्षी निवडलेल्या विषयावर पुढची चार-पाच वर्षं काढायची, तर तो विषय आपल्याला खरोखर पेलतो का, हे एकदा जोखून पाहणं बरं. त्यासाठी दुसरी वाट आहे. चार वर्षांची पदवी झालेल्यांना एका वर्षाचं एमए किंवा एमएस्सी करता येतं. आयोगाने २०२४ मध्ये त्याचा आराखडा दिला. म्हणजे तीन अधिक दोन केलं काय आणि चार अधिक एक केलं काय, एकूण वर्षं पाचच. फरक पडतो तो चौथ्या वर्षाच्या शेवटी हातात काय असतं यात. दुसऱ्या पद्धतीत ऑनर्सची पूर्ण पदवी आणि, संशोधनाची वाट घेतली असेल तर, एक संशोधन प्रकल्प हाताशी येतो. पहिल्या पद्धतीत मध्येच शहर, विद्यापीठ, विषयाची शाखा बदलण्याची मोकळीक जास्त मिळते. ज्यांच्या महाविद्यालयात चौथ्या वर्षासाठी पुरेशा सोयी नाहीत, त्यांना तीन अधिक दोन हेच जास्त हिताचं आहे, असं मी निःशंक सांगेन.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी एक जुनी अडचण यामुळे दूर होते. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं पदव्युत्तर प्रवेशासाठी सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. बारावी अधिक तीन म्हणजे पंधरा. त्यामुळे आपल्या बीएस्सीच्या मुलांना आधी इथे एमएस्सी करावी लागे. बारावी अधिक चार म्हणजे सोळा पूर्ण होतात.

पण खऱ्या संधी चौथ्या वर्षाच्या आधीच सुरू होतात, आणि त्या फुकट जातात कारण वेळेवर कळत नाहीत. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांचा एनआययूएस हा उपक्रम आहे, त्यात शिबिरानंतर प्रकल्पही करता येतो. टीआयएफआर या संशोधन संस्थेत उन्हाळी विद्यार्थी संशोधन कार्यक्रम असतो. पुण्याच्या आयुकात खगोलशास्त्रासाठी सुटीतले कार्यक्रम होतात. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप देतात. गणितवाल्यांसाठी १९९३ पासून एमटीटीएसची शिबिरं चालू आहेत, ज्यांतून घडलेले गणिती आज देशभर शिकवत आहेत. उन्हाळ्यातल्या अशा कार्यक्रमांचे अर्ज दिवाळीच्या आसपास ते जानेवारीपर्यंत भरावे लागतात. एप्रिलमध्ये चौकशी करणाऱ्याला काहीच मिळत नाही. अर्जासोबत प्राध्यापकांचं शिफारसपत्र लागतं, आणि ते चांगलं हवं तर प्राध्यापक तुम्हाला ओळखत असायला हवेत. वर्ग संपल्यावर थांबून शंका विचारणाऱ्या मुलीची शिफारस वेगळी येते.

सगळ्या शाखांसाठी आपल्या राज्यात आविष्कार ही आंतरविद्यापीठीय संशोधन स्पर्धा आहे. त्यात पदवीच्या विद्यार्थ्यांचा गट वेगळा असतो आणि मानव्यविद्या, वाणिज्य, शुद्ध विज्ञान, शेती, अभियांत्रिकी, वैद्यक असे सहा विभाग असतात. दुसऱ्या वर्षात तिथे पोस्टर घेऊन उभं राहणं, परक्या परीक्षकांना आपलं काम पाच मिनिटांत समजावणं, ही व्हायवाची फार चांगली तालीम आहे. बक्षीस मिळो न मिळो.

महाविद्यालयात न शिकवले जाणारे विषय स्वयम या सरकारी व्यासपीठावर घेता येतात. एका सेमिस्टरमधल्या चाळीस टक्क्यांपर्यंतचे विषय तिथून घ्यायला आयोगाने विद्यापीठांना मुभा दिली आहे. संशोधन करायचं तर संख्याशास्त्राचा एक आणि लेखनाचा एक असे दोन कोर्स, तिसरं वर्ष संपायच्या आत, जरूर करावेत. क्रेडिट आपल्या पदवीत धरले जातील का, हे नोंदणीआधी महाविद्यालयाकडून लेखी घ्यावं.

थांबणंही योग्य असतं

एमपीएससी, यूपीएससी, बँक, लॉ, सीए, एमबीए यांतलं काही करायचं ठरलेलं असेल, तर तीन वर्षांची पदवी पुरते. तिच्यात काही कमी नाही. घरात कमावणारं माणूस एकच असेल आणि तुमच्या पगाराची वाट पाहिली जात असेल, तर तीन वर्षांनंतर नोकरी धरावी. पदवी घेऊन बाहेर पडल्यावर पुढे परत येऊन चौथं वर्ष कधीपर्यंत आणि कोणत्या अटींवर करता येईल, हे आपल्या विद्यापीठाच्या परिपत्रकात पाहून ठेवावं. दोन वर्षं नोकरी करून, चार पैसे गाठीला बांधून, एखाद्या खऱ्याखुऱ्या प्रश्नासह परत आलेला विद्यार्थी विभागाला भारी पडत नाही. उलट असे विद्यार्थी वर्गात हवेतच. पण सगळे मित्र चौथ्या वर्षाला चालले आहेत, किंवा पुढे काय करायचं ते सुचत नाही, म्हणून प्रवेश घेतला तर ते वर्ष फार जड जातं. वाचायचं मन नसताना प्रबंध लिहिण्यासारखी शिक्षा नाही.

पालकांना एक विनंती. मुलगी चौथं वर्ष करायचं म्हणते तेव्हा काही घरांत "तीन वर्षांची पदवी झाली की, आता पुरे" असं उत्तर तयार असतं. तिच्या हातात ७५ टक्के असतील, विभागात जागा असेल आणि तिने स्वतःचा विषय मांडून दाखवला असेल, तर ते वर्ष तिला द्या. हा एक वर्षाचा खर्च आहे. त्यातून पुढे पाठ्यवृत्ती मिळू शकते, जी तिला घरावर अवलंबून ठेवत नाही.

खर्चाबद्दल नीट विचारावं. तुमच्या विषयाचं चौथं वर्ष अनुदानित आहे की विनाअनुदानित, तिसऱ्या वर्षापर्यंत महाडीबीटीवरून मिळणारी शिष्यवृत्ती चौथ्या वर्षीही चालू राहील का, प्रयोगशाळेची वेगळी फी आहे का, क्षेत्रभेटीचा खर्च कोण करतं, हे कार्यालयात आणि विभागात दोन्हीकडे विचारावं. दोन्हीकडची उत्तरं जुळली नाहीत तर प्राचार्यांना भेटावं. फी भरल्यावर मिळालेली माहिती उपयोगाची नसते.

शेवटी कागदपत्रांचं. चौथ्या वर्षासाठी महाविद्यालय बदलायचं असो वा नसो, तुमचे सगळे क्रेडिट शैक्षणिक श्रेयांक बँकेत, म्हणजे ज्याला सगळे एबीसी म्हणतात तिथे, जमा झालेले असायला हवेत. आयडी काढलेला असतो, पण त्यात क्रेडिट चढलेत का हे कोणी उघडून पाहत नाही. प्रत्येक सेमिस्टरचा निकाल लागल्यावर महिनाभरात डिजिलॉकरमधून खातं उघडावं, गुणपत्रिकेवरचे क्रेडिट आणि खात्यातले क्रेडिट ताडून पाहावेत. नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि गुणपत्रिकेवर दुसरं असेल तर ते दुसऱ्या वर्षातच दुरुस्त करून घ्यावं. एखाद्या विषयाचे क्रेडिट दिसत नसतील, तर गुणपत्रिकेची प्रत जोडून महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाकडे अर्ज द्यावा आणि त्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती प्रत स्वतःकडे जपून ठेवावी.